परिपाठाचा माईक आज कोणाच्या हातात?

जुलैची सकाळ होती. मैदानावर चिखल, म्हणून मुले व्हरांड्यातच ओळी करून उभी होती. राष्ट्रगीत झाले, प्रतिज्ञा झाली. मग सहावीतली एक मुलगी पुढे आली. हातात वहीचे फाडलेले पान. तिच्याकडे त्या दिवशी बातम्या होत्या. तिने माईकपाशी तोंड नेले आणि म्हणाली, “काल आपल्या शहरात खूप पाऊस पडली.”

आधी एक ओळ हसली, मग दुसरी. पाचवीतली लहान मुले तर का हसायचे हे न कळताच हसत सुटली. मुलीने एकदा कागदाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि ती गप्प झाली.

त्या वर्गाची शिक्षिका मीच. मी काय केले? तिच्या हातातला कागद घेतला आणि शेजारी उभ्या असलेल्या, खणखणीत बोलणाऱ्या दुसऱ्या मुलीच्या हातात दिला. बातम्या झाल्या, बोधकथा झाली, परिपाठ वेळेत आटोपला. “आज परिपाठ छान झाला,” असे दोघा-तिघांनी म्हटलेही.

पुढे महिनाभर ती मुलगी वर्गात मोठ्याने बोलली नाही. हजेरीला ‘हजर’ म्हणायचे तेही ओठांतल्या ओठांत. पालकसभेला तिची अम्मी आली. बुरख्याचा पदर सावरत हळूच म्हणाली, “घर में तो पूरा सुनाती मॅडम, स्कूल का नाम लिए तो चुप हो जाती.”

त्या दिवशी घरी जाताना मला एकच प्रश्न छळत होता. तो परिपाठ ‘छान’ झाला म्हणजे नेमके काय झाले?

चूक कोणाची?

मी स्वतः अशाच घरातली आहे. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादेत, हजारो घरांत चुलीपाशी दखनी किंवा उर्दू चालते आणि शाळेत मराठी. त्या मुलीचे वाक्य चुकले हे खरे, पण ते का चुकले? उर्दूत ‘बारिश’ स्त्रीलिंगी आहे. मराठीत ‘पाऊस’ पुल्लिंगी आहे. तिने शब्द मराठीचा घेतला आणि लिंग घरच्या भाषेचे लावले. तिला काही येत नव्हते असे नाही, एका वेळी दोन भाषा सांभाळताना तिचा पाय घसरला इतकेच.

उर्दूत दोनच लिंगे आहेत, मराठीत तीन. म्हणून आपली मुले ‘माझी पुस्तक’ म्हणतात, कारण किताब स्त्रीलिंगी. नळ सुरू झाला की ‘पाणी आला’ म्हणतात, कारण उर्दूतले पानी पुल्लिंगी. शाळेची ‘शाला’ होते, पाण्याचे ‘पानी’ होते, कारण ळ आणि ण हे वर्ण घरच्या बोलण्यात क्वचितच येतात. ‘चमचा’मधला च आणि ‘चिमणी’मधला च मराठीत वेगळे उच्चारले जातात, हे तर आपल्यापैकी अनेकांना मोठेपणीच कळले. या चुका चार-पाचच आहेत, त्या ठरावीक आहेत आणि सरावाने दुरुस्त होतात. मात्र त्यांवर दोनशे मुले हसली की मूल चूक दुरुस्त करत नाही, बोलणेच बंद करते.

आपल्या घरांत अभ्यासाला बसताना मुलांना एक दुआ शिकवतात. सूरह ताहामधली, हजरत मूसा (अलैहिस्सलाम) यांची. फिरऔनसमोर जाण्यापूर्वी त्यांनी अल्लाहकडे मागितले की छाती मोकळी व्हावी, काम सोपे व्हावे आणि जिभेची गाठ सुटावी. आपण मुलांकडून एवढेच पाठ करून घेतो. पण त्याच्या लगेच पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट मागितली होती: सोबतीला भाऊ हारून. हजरत हारून (अलैहिस्सलाम) अधिक अस्खलित बोलणारे होते. तरीही काम मूसांकडून काढून हारूनना दिले गेले नाही. मूसाच गेले, हारून सोबत गेले.

मी नेमके उलटे केले होते. सोबत द्यायची सोडून कागदच काढून घेतला होता.

वीस मिनिटांचा हिशेब

पालकांपैकी अनेकांनी परिपाठ फाटकाबाहेरूनच पाहिलेला असतो. त्यात काय काय असते ते आधी समजून घेऊ, म्हणजे मूल घरी येऊन “माझी पाळी आहे” म्हणाले की गोंधळ होणार नाही.

आमच्याकडे परिपाठाला वीस मिनिटे असतात. त्यातली सुमारे सात मिनिटे ठरलेली. राष्ट्रगीताला बावन्न सेकंद लागतात. १९ फेब्रुवारी २०२३ पासून राजा बढे यांनी लिहिलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत झाले, त्याला दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ लागतो. मग प्रतिज्ञा. मग संविधानाची प्रास्ताविका, जिचे वाचन २६ जानेवारी २०२० पासून राज्यातल्या शाळांत परिपाठाच्या वेळी सुरू आहे. मग प्रार्थना.

उरलेली तेरा मिनिटे मुलांची. आमची वाटणी अशी: सुविचार एक मिनिट, दिनविशेष दोन, बातम्या दोन, बोधकथा तीन, प्रश्नमंजुषा दोन, एखादा नवा उपक्रम दोन आणि शेवटी एक मिनिट मौन. ही तेरा मिनिटे रोज त्याच चार हुशार मुलांना मिळाली, तर वर्षाच्या शेवटी ती चार मुले आणखी हुशार होतात आणि बाकीची उभे राहायला शिकतात.

प्रतिज्ञेविषयी एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. ‘भारत माझा देश आहे’ ही प्रतिज्ञा मूळ मराठी नाही, हिंदी किंवा इंग्रजीही नाही. पैदिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती १९६२ मध्ये विशाखापट्टणम येथे तेलुगूत लिहिली आणि २६ जानेवारी १९६५ पासून ती देशभरातल्या शाळांत म्हटली जाऊ लागली. प्रत्येक भाषेतले मूल ती आपल्या भाषेत म्हणते. आम्ही महिन्यातून एकदा मराठीनंतर तीच प्रतिज्ञा उर्दूत आणि एकदा हिंदीत म्हणून घेतो. ज्या मुलाची मराठी अडखळते त्याची उर्दू ऐकून त्या दिवशी ओळीतली मुले गप्प होतात, आणि पुढच्या वेळी त्याच्या मराठीला हसताना थोडा विचार करतात.

तयारी आठवडाभर आधी

त्या पालकसभेनंतर आमच्या वर्गात काही गोष्टी बदलल्या. कोणत्याही शाळेत त्या करता येतील, खर्च काहीच नाही.

पहिली गोष्ट म्हणजे पाळी हजेरीक्रमाने. ‘कोण बोलणार?’ असे विचारले की तेच हात वर होतात. हजेरीपटावरून सहा-सहा मुलांचे गट केले, यादी वर्गाच्या दारावर लावली आणि गटाला पाळीच्या एक आठवडा आधी सांगितले. आदल्या दिवशी सांगितले की मूल पाठ करते, आठवडाभर आधी सांगितले की समजून घेते.

दुसरी गोष्ट, जोडीदार. प्रत्येक मुलाशेजारी एक मूल उभे राहते. त्याच्याकडेही तोच कागद असतो. बोलणारा अडला तर जोडीदार पुढचा शब्द हळूच सांगतो. मात्र कागद हिसकावायचा नाही आणि त्याच्याऐवजी बोलायचे नाही, हा नियम. दुसऱ्या दिवशी दोघे जागा बदलतात, म्हणजे हुशार मुलालाही कोणाच्या तरी मागे उभे राहायची सवय लागते.

तिसरी गोष्ट, हसण्याविषयी आधीच बोलणे. मी वर्गात सरळ सांगितले की मागच्या महिन्यात चूक माझी झाली. मग फळ्यावर ‘बारिश’ आणि ‘पाऊस’ लिहून दोन्हींची लिंगे समजावली. त्यानंतर मराठी घरांतल्या मुलांना विचारले, “तुम्ही उर्दूत चार वाक्ये बोलून दाखवा.” दोन वाक्यांतच सगळे हसले, पण ते आपापल्या चुकांना हसले. त्यानंतर ‘पाऊस पडली’वर कोणी हसले नाही.

चौथी गोष्ट, आदल्या दिवशी पाच मिनिटांची रंगीत तालीम. माईक हातात धरून. तोंडापासून एक वीत दूर धरायचा, त्यावर फुंकर मारायची नाही, टकटक करायची नाही. कागद छातीपाशी, चेहऱ्यासमोर नाही. नजर सगळ्यात मागच्या ओळीवर. आणि वीज गेली तर? आपल्याकडे ती जातेच. म्हणून एकदा माईकशिवायही म्हणून घ्यायचे.

पाचवी गोष्ट थोडी गमतीची. ‘नवा उपक्रम’मध्ये आम्ही ‘आपल्या दप्तरातले शब्द’ सुरू केले. दप्तर हा शब्द फारसीतल्या दफ्तरवरून आला. कागद फारसी, शाई म्हणजे स्याही, तीही फारसी, आणि हजेरी अरबीतल्या हाजिरवरून. रोज एक मूल असा एक शब्द घेऊन येते आणि तो घरी कसा बोलतात, मराठीत कसा बोलतात ते सांगते. आपल्या घरची भाषा मराठीच्या दप्तरात आधीपासून आहे हे कळल्यावर मुलांचे खांदे जरा सरळ होतात. मराठी घरातल्या मुलांनाही ते नवे असते.

अम्मी-अब्बूंसाठी

“आम्हालाच मराठी नीट येत नाही, आम्ही काय तयारी घेणार?” हे वाक्य मी फार ऐकते. मराठी येत नसेल तरी चालेल. मूल बोलताना कोणीतरी ऐकणारे पाहिजे, ते काम घरच करू शकते.

मूल कागद घेऊन आले की आधी त्याला उर्दूत विचारा, “यात काय आहे, मला सांग.” घरच्या भाषेत सांगता आले म्हणजे त्याला मजकूर समजला. समजलेले मूल अडखळले तरी थांबत नाही, पाठ केलेले मूल एक शब्द विसरले की सगळेच विसरते.

मग कागद मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहायला लावा. जिथे श्वास घ्यायचा तिथे तिरकी रेघ. ळ आणि ण असलेल्या शब्दांखाली ठिपका. ते चार-सहा शब्दच वेगळे पाच-पाच वेळा म्हणायला सांगा. तुम्हाला उच्चाराची खात्री नसेल तर शेजारच्या मावशींना किंवा काकूंना विचारा. आपल्या गल्ल्यांत अशी एक तरी मावशी असतेच, आणि तिला विचारले तर तिलाही बरे वाटते.

घड्याळ लावा. मुलाच्या वेगाने एका मिनिटात ऐंशीएक शब्द होतात. दीडशे शब्दांचा मजकूर असेल तर दोन मिनिटे पुरतात. त्यापेक्षा जास्त असेल तर कापा. लांबलेले भाषण उन्हात उभ्या असलेल्या मुलांना आवडत नाही.

आणि एक न करायची गोष्ट. सकाळी निघताना “चुकू नकोस हं” असे म्हणू नका. त्याऐवजी “संध्याकाळी आल्यावर मला सांग, कोणी कोणी ऐकले,” असे म्हणा. पाठीवर हात फिरवून दुआ द्या. मुलाला परीक्षेला नाही, बोलायला पाठवत आहोत हे त्याला कळू द्या.

दिनविशेष: एक नमुना

दिनविशेष म्हणजे मोबाईलवर आलेली यादी वाचून दाखवणे, असा समज झाला आहे. त्या यादीत दहा जन्म, दहा मृत्यू आणि दोन-तीन चुकीच्या तारखा असतात. आमचा नियम एकच: दिवसाची एकच गोष्ट आणि ती आपल्या आसपासची.

उदाहरण म्हणून १२ नोव्हेंबर घेऊ. दिवाळीची सुटी तोवर संपलेली असेल तर हा दिवस परिपाठासाठी सुंदर आहे. दिल्ली दरवाज्याजवळचे सलीम अली सरोवर आपल्या सगळ्यांच्या जाण्या-येण्यातले. पण हे सलीम अली कोण, असे मुलांना विचारले तर वर्गात दोन-तीन हात वर येतात. एका मुलाने लिहून आणलेला मजकूर थोडा नीट करून देते:

“आज १२ नोव्हेंबर. १८९६ साली आजच्या दिवशी मुंबईत डॉ. सलीम अली यांचा जन्म झाला. ते लहान असतानाच त्यांचे आई-वडील वारले. मामांनी त्यांना वाढवले. एकदा त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिचा गळा पिवळा होता. ही कोणती चिमणी, हे घरात कोणालाच सांगता येईना. मामांनी त्यांना मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत पाठवले. तिथल्या साहेबांनी न रागावता त्यांना शेकडो पक्षी दाखवले. त्या दिवसापासून सलीम अली पक्ष्यांच्या मागे लागले आणि जगातले मोठे पक्षितज्ज्ञ झाले. भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. आपल्या शहरातल्या सरोवराला त्यांचे नाव आहे. मी रविवारी अब्बूंबरोबर तिकडे गेलो होतो. मला बगळे आणि एक खंड्या दिसला. तुम्हाला शाळेच्या झाडावर आज कोणता पक्षी दिसला?”

शेवटच्या प्रश्नावर तीस हात वर झाले. दिनविशेष असा झाला की मुले तो विसरत नाहीत. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, तेव्हा आठवडाभर हाच धागा चालवता येतो.

असेच आणखी काही दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच वहीत लिहून ठेवा. १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन: घरात नानी-दादी असतील तर १९४८ च्या आठवणी त्यांनी आपल्या आई-वडिलांकडून ऐकलेल्या असतात, त्या विचारून या. १५ ऑक्टोबर, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, जो महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. ११ नोव्हेंबर, मौलाना आझाद यांचा जन्मदिवस आणि राष्ट्रीय शिक्षण दिन: आपल्या शहरात त्यांच्या नावाचे महाविद्यालय १९६३ पासून आहे, ते डॉ. रफीक झकेरिया यांनी उभे केले. ३ जानेवारी, सावित्रीबाई फुले यांचा जन्मदिवस: त्यांच्या १८५६ सालच्या एका पत्रात फातिमाचे नाव प्रेमाने आले आहे, त्या फातिमा शेख यांची आठवणही त्याच दिवशी काढता येते. २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन: आपली मुले या दिवशी मागच्या ओळीत उभी असू नयेत. आणि कुठल्याही मोकळ्या दिवशी मलिक अंबर, ज्याने १६१० मध्ये खडकी वसवली, तेच पुढे आपले शहर झाले, आणि ज्याच्या नहरींनी या कोरड्या गावाला पाणी पाजले.

दोन नाजूक प्रश्न

पालक मला खाजगीत दोन प्रश्न विचारतात. पहिला प्रार्थनेचा. एखादी प्रार्थना आपल्या अकीद्याशी जुळत नसेल तर काय करायचे? संविधानाचे कलम २८ सांगते की शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. पण हा प्रश्न मुलाच्या तोंडून शाळेत पाठवू नका. तुम्ही स्वतः जा, मुख्याध्यापकांशी शांतपणे बोला. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा मार्ग निघतो, आणि सगळ्यांना म्हणता येईल अशी प्रार्थनाही सापडते. राष्ट्रगीताला मात्र मूल ताठ उभे राहिले पाहिजे, हे घरातूनच सांगा.

दुसरा रमजानचा. रोजा असलेले मूल उन्हात वीस मिनिटे उभे राहिले तर त्याला भोवळ येऊ शकते. वर्गशिक्षकांना आधी सांगा. सावलीतली ओळ द्यायला कोणी नाही म्हणत नाही. त्या महिन्यात एखाद्या मुलाला रोजा म्हणजे काय ते दोन मिनिटांत सांगू द्या, बाकीच्या मुलांना खरोखर उत्सुकता असते.

पाऊस पडला

आता त्या मुलीचे काय झाले ते सांगते. ऑगस्टमध्ये मी तिला रोजची एक बातमी दिली, एक दिवसाची नाही, पावसाळा संपेपर्यंतची. आपल्या शहराचे पाणी पैठणच्या जायकवाडीवरून येते. नाथसागर किती भरला हे पावसाळ्यात रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळे विचारतात, कारण नळाला पाणी किती दिवसांनी येणार हे त्यावरच ठरते. तिने रोज वर्तमानपत्रातून धरणाचा टक्का लिहून आणायचा आणि परिपाठात सांगायचा. शिवाय घराच्या गच्चीवर एक सरळ भिंतीची काचेची बरणी ठेवायची, तिला बाहेरून पट्टी चिकटवायची आणि रात्रीत किती मिलिमीटर पाऊस झाला ते मोजायचे.

पहिल्या दिवशी तिचा आवाज दुसऱ्या ओळीपर्यंतही गेला नाही. जोडीदार मुलगी शेजारी उभी होती, तिने कागदाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी चौथ्या ओळीपर्यंत गेला. आठवड्यानंतर मुलेच तिला सकाळी फाटकापाशी विचारू लागली, “आज किती?” ती म्हणायची, “परिपाठात सांगेन.”

अम्मीने नंतर सांगितले की फजरच्या नमाजानंतर घरात पहिले कोणी गच्चीवर जात असेल तर ती. आणि जिन्यावरून उतरताना तोच एक शब्द घोळवत येते: पडला, पडला, पडला.

एका सकाळी ती माईकपाशी आली. कागद घडी करून मुठीत. म्हणाली, “काल रात्री आमच्या गच्चीवर चाळीस मिलिमीटर पाऊस पडला. जायकवाडीचे पाणी वाढले आहे.” आणि मग कोणी न सांगता पुढे म्हणाली, “तरी नळ जपून वापरा.”

त्या दिवशी परिपाठ पाच मिनिटे लांबला. दोन मुले सुविचार विसरली, बोधकथा अर्धी राहिली. कोणी ‘छान झाला’ म्हटले नाही. मला मात्र तो माझ्या नोकरीतला सगळ्यात यशस्वी परिपाठ वाटतो.

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले आहे. आज संध्याकाळी मुलाला जवळ बसवून विचारा, “तुझी पाळी कधी आहे?” पाळीच येत नसेल तर शाळेत जाऊन विनंती करा, की माझ्या मुलालाही एकदा बोलू द्या. आणि माझ्यासारख्या शिक्षक भगिनी-बंधूंना एवढेच: मूल अडखळले तर त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा, कागद त्याच्याच हातात राहू द्या. जिभेची गाठ सोडवणारा अल्लाह आहे, सोबत मात्र आपणच द्यायची आहे.